निवडणुकीत प्रश्न विचारणाऱ्या सामान्य माणसाची बातमी कशी करावी

आचारसंहिता लागू झाली की ठाण्यात तलावपाळी, गावदेवी मैदान आणि स्टेशनबाहेरचा सॅटिस पूल, तर नवी मुंबईत वाशीचा शिवाजी चौक, एपीएमसी मार्केट आणि घणसोली-कोपरखैरण्याचे नाके अशा ठिकाणी बूम (वाहिनीचा माइक) हातात घेतलेले वार्ताहर दिसू लागतात. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला थांबवून त्याचे मत विचारणे हा निवडणूक वार्तांकनाचा नेहमीचा भाग आहे आणि तो चांगलाही आहे, कारण एरवी ज्याचे कोणी ऐकत नाही त्याचे म्हणणे त्यामुळे चार लोकांपर्यंत पोहोचते. मात्र त्याच माणसाने प्रचारफेरीत उमेदवाराला अडवून अवघड प्रश्न विचारला आणि तो व्हिडिओ फिरू लागला, तर पुढच्या दोन-तीन दिवसांत त्याच्या वाट्याला काय येणार हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.

पुढील सूचना स्थानिक वृत्तपत्रे, केबल वाहिन्या, यूट्यूब चॅनेल आणि फेसबुक पेज यांच्यासाठी काम करणाऱ्या वार्ताहरांकरिता लिहिल्या आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच नियम आहे. नागरिकाने उमेदवाराला प्रश्न विचारला असेल तर आधी उमेदवाराचे उत्तर तपासावे, गरज असल्यास प्रश्नात केलेला दावा तपासावा, आणि विचारणाऱ्याच्या खासगी आयुष्याला हात लावू नये.

ओहायोतल्या प्लंबरचे काय झाले

हा नियम मोडला की काय होते याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेच्या 2008 सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत सापडते. 12 ऑक्टोबर रोजी डेमोक्रॅटिक उमेदवार बराक ओबामा ओहायो राज्यातील टोलेडो शहराजवळच्या एका वस्तीत प्रचार करत असताना, तिथे राहणाऱ्या आणि नळकामाचा व्यवसाय करणाऱ्या एका माणसाने त्यांना विचारले की, वर्षाला अडीच लाख ते दोन लाख ऐंशी हजार डॉलर कमावणारा व्यवसाय विकत घेण्याचा माझा विचार आहे, तर तुमच्या योजनेमुळे माझा कर वाढणार नाही का? ओबामांनी बराच वेळ थांबून उत्तर दिले आणि त्या ओघात संपत्ती सर्वांमध्ये पसरली तर ते सर्वांच्याच भल्याचे असते, अशा अर्थाचे विधान केले. तीनच दिवसांनी, 15 ऑक्टोबरच्या शेवटच्या वादसभेत रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी त्या माणसाला ‘जो द प्लंबर’ म्हणून पुढे आणले, आणि दोन्ही उमेदवार मिळून त्याचा उल्लेख वीसपेक्षा जास्त वेळा झाला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरासमोर पत्रकार जमले. त्याच्याकडे स्वतःच्या नावाचा प्लंबिंगचा परवाना नाही, राज्याचा सुमारे बाराशे डॉलर कर थकीत आहे आणि ‘जो’ हे त्याच्या मधल्या नावाचे रूप आहे, अशा बातम्या काही तासांत देशभर गेल्या. पुढे ओहायोच्या एका सरकारी विभागाच्या प्रमुखांच्या मंजुरीने त्याची माहिती सरकारी संगणकांवर शोधली गेल्याचे उघड झाले. राज्यातील गैरकारभाराची तपासणी करणाऱ्या महानिरीक्षकांनी चौकशी करून हा वापर गैर ठरवला, त्या अधिकाऱ्यांना निलंबनानंतर डिसेंबरमध्ये राजीनामा द्यावा लागला, आणि सरकारकडे असलेली नागरिकांची माहिती अशा प्रकारे पाहणाऱ्याला शिक्षा व्हावी यासाठी त्या राज्याने 2009 मध्ये कायदा केला.

या गदारोळात मूळ प्रश्न मागे पडला. अडीच लाखांपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्यांचा कर वाढणार असे ओबामांची योजना म्हणत होती, परंतु वाढीव दर त्या मर्यादेच्या वरच्या रकमेलाच लागू होणार होता, आणि धंद्याची एकूण उलाढाल व खर्च वजा जाता उरणारे करपात्र उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणजे दोन लाख ऐंशी हजारांच्या करपात्र उत्पन्नावर वाढ झाली असती ती वरच्या तीस हजारांवर. परवाना असो वा नसो, हे गणित तेच राहते. ते मांडणाऱ्या बातम्या नव्हत्या असे नाही, पण घरासमोरच्या गर्दीत त्या दिसेनाशा झाल्या.

तो माणूस पुढे राजकीय सभांमध्ये बोलू लागला आणि 2012 मध्ये त्याने काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, निवडणूकही लढवली. उमेदवार झाल्यावर त्याची चौकशी होणे रास्तच होते. घरासमोर उमेदवार आला म्हणून एक प्रश्न विचारणारा रहिवासी होता तोपर्यंत ते रास्त नव्हते.

याच देशात याच्या उलट उदाहरणही आहे. 1992 साली रिचमंड येथे झालेल्या वादसभेत एका महिलेने उमेदवारांना विचारले की, राष्ट्रीय कर्जाचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर काय परिणाम झाला. तिचा रोख खरे तर मंदीकडे होता, म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर प्रश्न चुकीच्या शब्दांत आला होता. तरीही चर्चा झाली ती जॉर्ज बुश यांनी घड्याळाकडे टाकलेल्या नजरेची, त्यांच्या अडखळत्या उत्तराची आणि बिल क्लिंटन यांनी पुढे येऊन तिच्याशी साधलेल्या संवादाची. पारख उमेदवारांची झाली. 2016 मध्ये मात्र सेंट लुईसच्या वादसभेत ऊर्जा धोरणावर प्रश्न विचारणारा लाल स्वेटरमधला एक मतदार रातोरात लाडका झाला, आणि आठवडाही उलटला नाही तोच इंटरनेटवरच्या त्याच्या जुन्या टिप्पण्या उकरून काढून त्याची नालस्ती करण्यात आली. त्याने ना कोणाकडे मते मागितली होती, ना पद.

प्रतिज्ञापत्र उमेदवाराचे असते

आपल्याकडे राष्ट्रपतींची निवड खासदार आणि आमदार करतात, त्यामुळे असा प्रसंग लोकसभा, विधानसभा किंवा महापालिकेच्या निवडणुकीत येतो. ठाणे लोकसभा मतदारसंघात मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी आणि ठाणे यांच्याबरोबर नवी मुंबईचे ऐरोली व बेलापूर हे विधानसभा मतदारसंघ येतात, म्हणजे एकाच निवडणुकीत घोडबंदरच्या टँकरचा, किसननगरच्या धोकादायक इमारतींचा आणि घणसोलीच्या गावठाणातील घरांचा प्रश्न एकाच उमेदवारासमोर येऊ शकतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निर्णयानंतर लोकसभा आणि विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला नमुना 26 मधील प्रतिज्ञापत्रात स्वतःवरील फौजदारी गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण जाहीर करावे लागते, आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. मतदाराकडून असे कोणतेही प्रतिज्ञापत्र कायदा मागत नाही. कोणाची पार्श्वभूमी खणायची आणि कोणाची नाही, याची रेषा कायद्यानेच आखून दिलेली आहे. वार्ताहराकडे शोध घेण्यासाठी एक दुपार मोकळी असेल तर ती प्रतिज्ञापत्र वाचण्यात घालवावी. गेल्या निवडणुकीचे आणि या निवडणुकीचे प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवले की बातमी बहुधा तिथेच सापडते.

बाईट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) घेण्याआधी

कॅमेरा सुरू करण्यापूर्वी आपले नाव, चॅनेलचे नाव, विषय आणि व्हिडिओ कुठे कुठे जाणार हे सांगावे. ‘मावशी, मी अमुक चॅनेलमधून आलो आहे, पाणीपुरवठ्यावर लोकांचे म्हणणे घेतो आहे, हे यूट्यूबवर आणि फेसबुकवर दिसेल, तुमचे नाव सांगायचे की नाही ते तुम्ही ठरवा’, एवढे बोलायला अर्धा मिनिट पुरतो. काका, मावशी, दादा, ताई म्हणून हाक मारावी, परंतु वय किंवा कपडे पाहून कोणालाही अरे-तुरे करू नये. पुष्कळांना वाटते की हे फक्त टीव्हीवर एकदा दिसेल आणि जाईल. यूट्यूबवरचा व्हिडिओ पुढची अनेक वर्षे शोधता येतो, हे आपणहून सांगायला हवे.

आडनाव, राहण्याचे ठिकाण आणि कामाचे ठिकाण ही तीन माहिती एकत्र दिली तर माणूस सहज शोधता येतो, म्हणून तिन्ही एकदम देऊ नयेत. बहुतेक बातम्यांना ‘कोपरीतील रहिवासी’ एवढी ओळख पुरेशी असते. ज्याचे पोट कोणाच्या मर्जीवर आहे त्याच्याबाबत अधिक जपावे. एपीएमसीतील माथाडी कामगाराला मुकादमाकडे आणि आपल्या कामाच्या टोळीत परत जायचे असते, फेरीवाल्याला उद्या त्याच पदपथावर बसायचे असते, भाडेकरूला घरमालकाला तोंड द्यायचे असते. अशा वेळी नाव न घेता किंवा चेहरा न दाखवता बोलण्याचा पर्याय आपण समोर ठेवावा, त्याने मागण्याची वाट पाहू नये. लहान मुलांना राजकीय प्रश्न विचारू नयेत.

यात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते माणसाच्या मागे काय दिसते याकडे. सायंकाळी ऐरोलीच्या आयटी पार्कमधून बाहेर पडणाऱ्या तरुणाने नाव सांगितलेले नसते, पण कंपनीचे ओळखपत्र निळ्या पट्ट्याला लटकत छातीवर असते आणि कॅमेरा थोडा जवळ गेला की त्यावरचे नाव, फोटो आणि कर्मचारी क्रमांक स्पष्ट वाचता येतो. रिक्षाचालकाने चेहरा झाकला तरी मागे रिक्षाचा क्रमांक असतो. गृहिणीच्या पाठीमागे सोसायटीच्या फाटकावर इमारतीचे नाव, सेक्टर आणि प्लॉट क्रमांक रंगवलेला असतो. त्यामुळे बोलणे सुरू होण्याआधी चौकट एकदा डावीकडून उजवीकडे नीट पाहावी, ओळखपत्र खिशात ठेवायला सांगावे, आणि माणसाला दोन पावले सरकवून मागे रस्ता किंवा झाड येईल असे उभे करावे. नंतर पट्टी लावून झाकण्यापेक्षा हे सोपे असते, आणि मूळ फुटेज दुसऱ्या कोणाच्या हाती गेले तरी त्यात ओळख नसते.

दावा तपासावा, माणूस नाही

नागरिकाचे म्हणणे जसेच्या तसे खरे धरावे, असा याचा अर्थ नाही. चुकीचा आकडा कोणाच्याही तोंडून आला तरी तो चुकीचाच असतो आणि तो तसाच प्रसिद्ध करणे ही वाचकाची फसवणूक आहे. कोणती गोष्ट तपासायची हे ठरवण्यासाठी स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा: ही माहिती खोटी निघाली तर उमेदवाराला विचारलेला प्रश्न कोसळतो का? कोसळत असेल तर तपासावी, नसेल तर ती माहिती आपल्या बातमीची नाही.

समजा, प्रचारफेरी घणसोली गावातून जात असताना एका वयस्क महिलेने उमेदवाराला थांबवून विचारले की, आमच्या जमिनी सिडकोने (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने) घेतल्या, मुलांसाठी आम्ही गरजेपोटी घरे बांधली, ती नियमित कधी होणार? सायंकाळपर्यंत कोणीतरी संपादकीय डेस्कवर फोन करतो की, तिच्या घराला पालिकेची नोटीस आलेली आहे. लगेच शीर्षक सुचते: ‘जाब विचारणाऱ्या महिलेचेच घर अनधिकृत’. हे शीर्षक देऊ नये. घर कागदावर अनियमित आहे म्हणूनच तर ती नियमित करण्याबद्दल विचारते आहे. तिने काही लपवलेले नाही. 1970 मध्ये सिडको स्थापन झाल्यानंतर ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या, वाढत्या कुटुंबांनी गावठाणाच्या आत आणि आसपास घरे बांधली, आणि ती नियमित करण्याची आश्वासने व शासननिर्णय त्यानंतर अनेकदा आले. या बातमीत तपासायचे ते एवढेच: तिच्या कुटुंबाची जमीन खरोखर संपादित झाली होती का, सध्याच्या शासननिर्णयात तिच्यासारख्या घरांना काय लागू होते, आणि उमेदवाराने दिलेले उत्तर त्या निर्णयाशी जुळते का. तिच्या मुलाची नोकरी, तिची थकलेली घरपट्टी, दिराशी असलेला वाटणीचा वाद यांचा या प्रश्नाशी संबंध नाही.

त्याचप्रमाणे घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल विचारणाऱ्या रिक्षाचालकाचा बॅज किंवा परमिट तपासायला जाऊ नये, खड्डा मोजावा. मात्र तोच चालक ‘माझे परमिट विनाकारण रद्द केले’ असे म्हणत असेल, तर कागद पाहिल्याशिवाय बातमी देऊ नये, कारण तिथे परमिट हाच दावा आहे.

नोटीस सार्वजनिक कागद आहे, मग छापायला हरकत काय, असा युक्तिवाद डेस्कवर नेहमी होतो. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये आर. राजगोपाल खटल्यात व्यक्तीच्या खासगी बाबी तिच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाहीत असे सांगताना सार्वजनिक अभिलेखांचा अपवाद केला, आणि 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. म्हणजे काही कागद प्रसिद्ध करणे कायद्यात बसू शकेल. तरीही तो कागद आत्ताच, याच माणसाविरुद्ध, याच प्रश्नानंतर का बाहेर आला आणि कोणी दिला, हे विचारणे संपादकाचे काम आहे. माहिती देणारा फोन प्रश्नाने अडचणीत आलेल्या उमेदवाराच्या गोटातून आला असेल तर कित्येकदा बातमी नोटिशीत नसून त्या फोनमध्ये असते.

विचारणारा पक्षाचा माणूस असेल तर

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. प्रत्येक पक्ष आपल्या कार्यकर्त्याला ‘सामान्य नागरिक’ म्हणून कॅमेऱ्यासमोर उभा करण्याचा प्रयत्न करतो, आणि ते ओळखून वाचकाला सांगणे आपले कर्तव्य आहे. त्यासाठी बाईट घेतानाच सरळ विचारावे, ‘तुम्ही कोणत्या पक्षाचे किंवा संघटनेचे पदाधिकारी आहात का?’, आणि उत्तर रेकॉर्ड करावे. शंका राहिली तर प्रभागातील वाढदिवसाचे, दहीहंडीचे आणि नवरात्रीचे फलक पाहावेत. शाखाप्रमुखापासून गटप्रमुखापर्यंत सगळ्यांचे फोटो नावासह तिथे असतात. त्या भागात रोज फिरणाऱ्या वार्ताहराला हे चेहरे बहुधा ठाऊक असतातच.

पदाधिकारी निघाला तर त्याचे पद सांगून त्याचे म्हणणे द्यावे. केवळ एखाद्या सभेला गेला होता, शेजारच्या नगरसेवकाबरोबर एक सेल्फी आहे किंवा पूर्वी एखाद्या पक्षाला मत दिल्याचे सांगतो, एवढ्यावरून त्याला ‘पेरलेला माणूस’ म्हणू नये. राजकीय मत असणे हा मतदाराचा दोष नाही.

शीर्षक, थंबनेल आणि कटिंग

जे कॅमेऱ्यासमोर नीट वागतात त्यांचाही तोल संगणकासमोर जातो. थंबनेलवर (व्हिडिओच्या मुखचित्रावर) माणसाचे तोंड उघडे असलेला, डोळे अर्धवट मिटलेला क्षण निवडून त्याभोवती लाल वर्तुळ काढण्याची पद्धत बंद करावी. ‘आजीने नेत्याची लाज काढली’ असे शीर्षक आजीने काढलेले नसते. त्याचा त्रास मात्र तिला होतो, कारण नेत्याच्या समर्थकांना शीर्षक देणाऱ्याचे नाव माहीत नसते आणि तिचा चेहरा समोर असतो. कटिंग करताना प्रश्न आणि उत्तर एकत्र ठेवावे. उमेदवाराचे उत्तर काढून फक्त चिडलेला नागरिक दाखवणे जसे चूक, तसेच नागरिकाने नंतर केलेली दुरुस्ती गाळणेही चूक.

बोलीबाबत विशेष जपावे. घणसोली, दिवाळे, करावे किंवा कोळीवाड्यांमधील ज्येष्ठ माणसे आगरी-कोळी बोलतात, मुंब्र्यात मराठीत उर्दू मिसळते, किसननगरात साताऱ्या-सांगलीचा हेल ऐकू येतो. खाली मजकूर द्यायचा असेल तर तो अर्थ समजावा म्हणून द्यावा. उच्चार विडंबनासारखे लिहू नयेत आणि मागे विनोदी संगीत लावू नये. पाण्याबद्दल पोटतिडकीने बोलणाऱ्या बाईच्या वाक्यावर ढोलकी वाजवली की तिचे म्हणणे संपते आणि तिचा तमाशा होतो.

व्हिडिओ फिरू लागला तर

प्रतिसाद झपाट्याने वाढतो आहे असे दिसताच पहिला फोन त्या माणसाला करावा. काय घडते आहे हे सांगावे, कोणाचे फोन येत आहेत का हे विचारावे, आणि पुन्हा बोलण्याचा आग्रह धरू नये. धमक्या येत असतील तर संदेशांचे स्क्रीनशॉट, क्रमांक आणि वेळ जपून ठेवून पोलीस ठाण्यात तक्रार देण्यास सुचवावे. आपल्याकडचे फुटेज पुरावा म्हणून लागेल हे धरून मूळ फाइल वेगळी ठेवावी. त्याचा पत्ता किंवा फोन दुसऱ्या वाहिनीला परस्पर देऊ नये. ओळखीचा मित्र मागतो म्हणून नंबर पुढे जातो आणि सकाळी दारात चार कॅमेरे उभे राहतात. टिप्पण्यांमध्ये कोणी पत्ता, गाडीचा क्रमांक किंवा कुटुंबाचे फोटो टाकले तर ते काढण्यासाठी एक माणूस नेमावा आणि ते जमत नसेल तर टिप्पण्या बंद कराव्यात.

पाठपुरावा करायचा तर उमेदवाराकडे जाऊन करावा. प्रश्नाचे पुढे काय झाले, आश्वासनाची तारीख कोणती, संबंधित खात्याकडे अर्ज गेला का, हे विचारले की बातमी पुढे सरकते आणि नागरिकावरचा झोतही कमी होतो.

मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर ‘कोणाला मत दिले?’ असे विचारू नये. मत गुप्त असते, आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126 अ नुसार ठरवून दिलेल्या काळात मतदानोत्तर चाचणी (एक्झिट पोल) घेणे व तिचे निष्कर्ष प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. रांग, सोयी, व्हीलचेअर, यादीत नाव सापडले की नाही, यांविषयी जरूर विचारावे.

तक्रार आली तर

चॅनेल एका माणसाचे असले तरी तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल व्हिडिओखाली दिलेला असावा. वृत्तपत्राबाबत नागरिक आधी संपादकाकडे आणि समाधान न झाल्यास 1978 च्या कायद्याखालील भारतीय प्रेस परिषदेकडे जाऊ शकतो, हे त्याने विचारल्यावर सांगायला संकोच करू नये. चूक तथ्याची असेल तर दुरुस्ती त्याच व्हिडिओच्या वर्णनात सर्वांत वर आणि त्याच पानावर वेगळी द्यावी; गुपचूप वाक्य बदलू नये. माणूस म्हणाला की माझा चेहरा काढा, तर निवडणूक संपली आहे का, त्याने स्वतः कोणते पद मागितले आहे का, आणि चेहऱ्याशिवाय बातमी उभी राहते का हे पाहावे. त्याने पद मागितलेले नसेल आणि बातमी उभी राहत असेल तर चेहरा झाकून व्हिडिओ पुन्हा चढवावा, जुना दुवा काढावा, आणि तो ज्या दुसऱ्या पेजना आपण दिला होता त्यांनाही तसे लेखी कळवावे.